चालकरहित मोटार आणि दादरचा रस्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चालकरहित मोटारींवरील माझ्या लेखात नुसत्या शंकाच आहेत, यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही, मोबाइलमध्ये डोके घालत नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोत जे जमले ते भरपूर माहिती पुरवल्यास मुंबईतही जमेल, असे आपण लिहिले आहे. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा मानवी चालकाची तरफदारी करण्याचे मला कारण नाही. माहिती वाढली की प्रश्न सुटेल, हे मात्र पटत नाही.

मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेम्पी येथे उबरच्या चाचणी-गाडीच्या धडकेने, रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला. गाडीतील देखरेखीची व्यक्ती त्या वेळी रस्त्याकडे पाहत नव्हती, हे आपल्याच बाजूचे उदाहरण. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार यंत्रणेला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ‘काहीतरी’ दिसले होते. ते वाहन, सायकल की अनोळखी वस्तू, हे तिला ठरवता येईना आणि वर्गीकरण बदलले की आधीच्या हालचालीचा हिशेब बाजूला पडे. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडील, हे तिच्या रचनेत धरलेलेच नव्हते. (लालबागेत याच्या उलट धरून चालावे लागेल.)

आजच्या गाड्या यापुढे गेल्या आहेत, पण दिसण्याच्या पलीकडे समजण्याचा भाग उरतोच. दादर स्थानकाबाहेर पादचारी नुसता तळवा वर करून उतरतो, चालक पूर्ण न थांबता वेग कमी करतो आणि दोघेही एकमेकांचा अंदाज घेत निघून जातात. सिग्नल हिरवा असतानाही हवालदार हात आडवा धरतो. समोरून डिपर आला, तर ब्रिटनमध्ये बहुधा ‘तुम्ही या’ असा अर्थ होतो. आपल्याकडे ‘मी येतोय, थांबा’ असा. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबले की अनुभवी चालक पुढच्या बसची चाके किती बुडाली ते पाहतो आणि पाण्यातून वर आलेली झाडाची फांदी दिसली की तिथे उघडे मॅनहोल आहे हे ओळखतो. कॅमेऱ्याला फांदी दिसेल. ती तिथे का खोचली, हे कोणीतरी आधी शिकवलेले असावे लागेल, आणि अशा खुणा रोज नव्या निघतात.

शंका आली की थांबावे, हा आपला उपाय सुरक्षित खरा, पण दादरला अशी गाडी हलणारच नाही. ही हमखास थांबते हे एकदा कळल्यावर लोक तिच्यासमोरून बिनधास्त चालू लागतील.

मुंबईत प्रयोग नकोच, असे माझे म्हणणे नाही. दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव असलेल्या अटल सेतूवर तो अवश्य व्हावा. शिवडीला उतरल्यावर परळपर्यंत मात्र, निदान तूर्तास, गाडी माणसाच्या हाती द्यावी.