‘मार्टिन ईडन’ अर्धीच वाचून मुलांना सल्ले देऊ नका

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकन लेखक जॅक लंडनची ‘मार्टिन ईडन’ ही कादंबरी म्हणजे त्याचीच खरी गोष्ट. कॉलेजची पायरी न चढलेला खलाशी रोज पाचच तास झोपला, कुणाच्या मदतीशिवाय लेखक झाला, श्रीमंत झाला. तुम्हीही कॉलेज सोडा, झोप कमी करा.’ माझा भाचा तो वाचून पहाटे तीनचा गजर लावायला लागला. परवा ताईला म्हणाला, परीक्षेचा फॉर्म भरणार नाही.

पाच तासांची झोप कादंबरीत आहे, मान्य. पण पुढची पानं उलटा ना! पैसे संपल्यावर मार्टिन एका हॉटेलच्या लाँड्रीत राबतो. पेटीभर पुस्तकं सोबत नेलेली असतात. दिवसभर कॉलर, कफ, शर्टांना खळ लावायची, इस्त्री फिरवायची. रात्री पुस्तक उघडलं की त्यावरच डोळा लागतो. काही आठवड्यांत वाचन सुटतं आणि सुट्टीच्या दिवशी तो दारूकडे वळतो. मेहनतीत तो तसूभर कमी पडलेला नाही. त्या मेहनतीनेच त्याचं डोकं बधिर केलंय. हे वाचलेला माणूस कोवळ्या पोरांना झोप कमी करायला सांगूच कसा शकतो?

श्रीमंतही होतो तो. मग उपाशी असताना ज्यांनी विचारलं नाही, तेच जेवायला बोलावू लागतात. हे सगळं लिहून तर तेव्हाच झालं होतं, मग तेव्हा का नाही जेवू घातलंत? हा एकच प्रश्न त्याला कुरतडत राहतो. अखेर दक्षिण पॅसिफिककडे निघालेल्या बोटीवरून तो जीव देतो. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

कॉलेजचं तर साफ खोटं. जॅक लंडन स्वतः 1896मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेला होता. पैशांअभावी काही महिन्यांत सोडावं लागलं. आणि लहानपणी ओकलंडच्या वाचनालयात त्याला वाचनाची वाट दाखवली ती ग्रंथपाल आयना कूलब्रिथ यांनी.

‘त्याचीच गोष्ट’ हे अर्धं खरं. लाँड्री, संपादकांचे नकार त्याने स्वतः भोगले होते. पण मार्टिन समाजवाद झिडकारतो आणि लंडन पक्का समाजवादी. 1909मध्ये पुस्तक आलं. अप्टन सिंक्लेअर या समाजवादी लेखकाला दिलेल्या प्रतीवर त्याने स्वतःच लिहिलं की, नायकाच्या रूपाने व्यक्तिवादावर, म्हणजे ‘मी एकटा, माझ्याच बळावर’ या वृत्तीवर, हल्ला करणं हा आपला एक हेतू होता. एकाही समीक्षकाला तो हेतू दिसला नाही, म्हणजे लिहिताना आपलंच काही बिघडलं असणार, असंही त्याने पुढे लिहिलं.

भाच्याला पुस्तक दिलंय, लाँड्रीच्या पानांवर खूण घालून. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.