मार्क नव्हते म्हणून मुलं बोलली
विद्यापीठातल्या ग्रंथपालांनीच विद्यार्थ्यांसाठी पुस्तकचर्चेचा श्रेयांक (पदवीसाठी मोजलं जाणारं क्रेडिट) असलेला वर्ग घ्यावा, ही नुकत्याच वाचलेल्या एका लेखातली कल्पना आम्हां बडोदेकरांना फार नवखी नाही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डनसाहेबांना आणलं. त्यांनी इथे ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग काढला, पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. ग्रंथपाल म्हणजे नुसता किल्ल्या सांभाळणारा नव्हे, हे तेव्हाच ठरलं होतं.

मी दांडिया बाजारातली, कॉलेजची निवृत्त ग्रंथपाल. आमचा रीतसर वर्ग नव्हता, पण दर शनिवारी दहा-बारा मुलं पुस्तकावर बोलायला टेबलाभोवती बसायची. त्यात कॉमर्सचा एक मुलगा, घरी मराठी, शाळा गुजराती. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून यायचा. महिनाभर तोंड उघडलं नाही. मग एकदा हळूच म्हणाला, "मॅडम, यात सासूचं काही चुकलंच नाही." झालं, पाऊण तास भांडण! मार्क माझ्या हातात नव्हते, म्हणूनच तो बोलला.

त्यामुळे श्रेयांकाचं मला जरा धास्तीचंच वाटतं. परीक्षा आली की गाइड आलंच. आणि ग्रंथपालाला वर्ग द्यायचाच असेल तर काउंटरचे तास तेवढे कमी करा हो. चर्चा ऐन रंगात असताना उठून दंडाच्या पावत्या मलाच फाडाव्या लागायच्या.