डॉक्टरांची गाडी
आमची गाडी २००९ची, एमएच ०८. १५ वर्षं झाली म्हणून मागे पासिंग नव्याने करून घेतलं, आता दार हातात यायची वेळ आलीय. म्हणून सेकंडहँड शोधतोय. जो तो म्हणतो, "डॉक्टरांची गाडी हो, फक्त घर ते दवाखाना!" अख्ख्या रत्नागिरीत एवढे डॉक्टर आहेत तरी कुठे? वाकून बघावं तर खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला, वर काळा रंग ताजा फासलेला. मॅट उचलली की मालक लगेच चहा विचारतो! परवाच्या गाडीचं मीटर ३८,००० दाखवत होतं, क्लचचं पेडल मात्र गुळगुळीत झिजलेलं. आरसीवर बँकेचा बोजा तसाच. "एनओसी येईल हो गणपतीपर्यंत." कुठल्या वर्षीच्या, ते विचारायचं राहिलं.