'एव्हरीबडी'च्या मागे 'दे' का लावायचं

दादा, इंग्रजीतल्या क्वेश्चन टॅगवर, म्हणजे वाक्याच्या शेवटी 'हो ना?' अशा अर्थानं जोडायच्या छोट्या प्रश्नावर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, 'एव्हरीबडी हॅज कम'ला मी 'हॅवन्ट दे?' हा टॅग लावला तो चुकला, 'हॅज' एकवचनी म्हणून 'हॅजन्ट ही?' पाहिजे, आणि वाक्यात 'नॉट' नसेल तर टॅगमध्ये घालायचं, असेल तर काढायचं, एवढंच शिकवा, पोरांचा गोंधळ करू नका.

तर 'दे'च बरोबर आहे. 'एव्हरीबडी'चं क्रियापद एकवचनी असतं हे खरं, पण त्यात बाया-माणसं, लहानमोठे सगळेच आले, त्यांना 'ही' कसं म्हणणार? म्हणून टॅगमध्ये 'दे' येतं आणि 'दे' आलं की 'हॅज'चं 'हॅव' होणारच. 'समबडी', 'नोबडी'चंही तेच.

आणि 'नॉट' शोधायचा नियम मला अजिबात पटत नाही, कारण 'नोबडी कॉल्ड, डिड दे?' यात 'नॉट' कुठंय? हार्डली, नेव्हर, सेल्डम, फ्यू, लिटल, हे सगळे शब्द 'नॉट' न वापरता नकार देतात. मागच्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या माझ्या क्लासमध्ये फळ्यावर लिहिलं, 'देअर इज लिटल वॉटर इन द वेल', सगळ्यांनी 'इजन्ट देअर?' लावलं, मग 'लिटल' आणि 'अ लिटल' समजावून सांगितलं तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, सर, 'अ लिटल' म्हणजे मोटर दहा मिनिटं तरी चालते, नुसतं 'लिटल' म्हणजे मोटर हवाच ओढते. त्यानंतर 'लिटल'ला 'इज देअर?' आणि 'अ लिटल'ला 'इजन्ट देअर?' हे त्या वर्गात कोणी चुकलं नाही. ज्यांच्या घरची विहीर एप्रिलमध्येच तळ दाखवते त्यांना हा फरक अवघड कसा जाईल, सांगा बरं.

आपलं सगळं एका 'ना'वर भागतं. तू येशील ना, कापूस वेचला ना, पाणी नाही ना. म्हणून तर पोरं सगळीकडे 'इजन्ट इट?' चिकटवतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, इंग्रजी फक्त तासापुरती कानावर पडते, म्हणून त्यांना अर्थ धरूनच शिकवावं लागतं.

'लेट अस'बद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मी सरसकट 'शॅल वुई?' लिहिलं होतं. 'लेट्स गो' म्हणजे चला जाऊ या, तिथं 'शॅल वुई?'. पण 'सर, लेट अस गो' म्हणजे आम्हाला जाऊ द्या, तिथं 'विल यू?'. ही चूक माझीच, लेखात दुरुस्त केलीय आणि उद्या वर्गातही सांगतो.