समुद्र आधी दिसू देऊ नका

किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वागत कमान उभारायची का, पुढे 'आय लव्ह' छापाची रंगीत अक्षरं बसवायची का, यावर कोकणातल्या गावागावांत हिरिरीने वाद चालतो. नेदरलँडमधून तो वाचताना वाटतं, सगळे कमानीपाशीच अडकलेत. पाहुणा गाडीतून उतरल्यापासून वाळूवर पाय ठेवेपर्यंत त्याला काय दिसतं, याचा विचारच होत नाही.

इथल्या एफ्टेलिंग या थीम पार्कचं १९९६ सालचं प्रवेशद्वार म्हणजे गवताने शाकारलेलं, टोकदार शिखरांचं प्रचंड छप्पर. आत परीकथा आहेत, हे तिकिटाआधीच कळतं. अमेरिकेत १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडने याच्या उलट केलं. तिकीट दाखवून आत गेलं की समोर मातीचा उंच बांध, त्यावर रेल्वे स्टेशन. पलीकडे जायचं ते बाजूच्या बोगद्यांतून, आणि तिथल्या भिंतींवर आतल्या राइड्सची पोस्टर्स. मगच मुख्य रस्ता उघडतो. तिथल्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे, म्हणून त्या उंच भासतात. टोकाला ७७ फुटी किल्ला.

झाकायचं, वळवायचं, मग एकदम मोकळं करायचं, हे कोकणाला नवं नाही. राजपुरीहून होडीने निघालं की जंजिऱ्याचे बुरूज दिसत राहतात, दरवाजा मात्र अगदी जवळ गेल्यावरच सापडतो. तो शत्रूला चकवायला तसा बांधला; आज पाहुण्याची उत्सुकता त्यानेच ताणली जाते.

सिमेंटची कमान यातलं काहीच करत नाही. चालत्या गाडीतून ती क्षणभर दिसते. खाऱ्या हवेत आतली सळई गंजून फुगते, पोपडे पडतात, आणि उरलेल्या जागेवर फ्लेक्स चढतात.

त्याच पैशात पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, करा. पार्किंग किनाऱ्यापासून दीड-दोनशे मीटर मागे, माडांच्या किंवा सुरूच्या आडोशाला. तिथेच स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी, कारण मुंबईहून सात-आठ तास बसून आलेल्या माणसाला आधी तेच लागतं. पुढे तीनेक मीटर रुंद वाट, दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आणि मध्ये एक ठळक वळण, म्हणजे समुद्र आधी ऐकू येईल, दिसेल नंतर. तिकीट-खिडकी असलीच तर वळणाच्या अलीकडे आणि सावलीत हवी. उन्हात रांग लागली की उत्साह तिथेच मरतो.

चूक होते ती पावसाळ्यात. जांभ्यावर शेवाळ धरतं आणि माणसं घसरतात. चिरे खडबडीत ठेवा, पन्नासाला एक (पन्नास सेंटीमीटर रुंदीला एक सेंटीमीटर) असा आडवा उतार देऊन पाणी गटारात काढा, शेवाळ वेळच्या वेळी घासा. पायऱ्यांशेजारी बाराला एक उताराचा रॅम्प हवाच. आजीआजोबांना वाटेतच थांबवून ठेवणारं प्रवेशद्वार मला मान्य नाही.

टोकाला हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा प्रखर दिवा, तर नकोच. वेळाससारख्या ठिकाणी कासवाची पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. झगझगीत दिव्यामुळे ती समुद्राऐवजी गावाकडे वळतात. गडग्यालगत बुटके, झाकलेले, तांबूस दिवे माणसांना पुरतात.

अरुंद वाटेवर मे महिन्यात चेंगराचेंगरी होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी परतीची वाट वेगळी काढा, आणि रुग्णवाहिका थेट वाळूपर्यंत पोचेल असा तिसरा रस्ता फाटक लावून कायम मोकळा ठेवा. त्या फाटकाची किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटात नको, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाकडे हवी.