बांध तो कोरतो, मुदत तुम्ही देता

बांध कोरणाऱ्याचा राग येतोच. पण तो जे करतो ते उघड करतो. नांगरटीला ट्रॅक्टर लावला की नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, आमच्या बाजूला जास्तीचं घालतो, आणि पुढच्या वर्षी ती ढेकळं जणू त्याच्या आज्यापासून त्याचीच होती अशा थाटात त्यात सरी सोडतो. त्याच्याशी भांडता येतं. माझा खरा संताप आहे तो टेबलापलीकडे बसलेल्या माणसांवर. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातात कायद्यानं काही ना काही दिलेलं आहे, आणि प्रत्येक जण कागद परत सरकवत सांगतो, "हे आमच्याकडं येत नाही."

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी इथं बांधाला कोण विचारत होतं? चार-पाच फुटांचे बांध होते. त्यावर बोरी, बाभळी, शेरडांना गवत, आणि औत फिरवायला जागा. कुणाचा बैल इकडं आला, कुणाची शेळी तिकडं गेली, तेवढंच भांडण. पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली आणि बांध वितभर राहिला. हिशोब करून बघा. गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, 1089 चौरस फूट. बांधाची लांबी तीनशे फूट असेल तर साडेतीन फुटांहून थोडं जास्त सरकलं की शेजाऱ्याला एक अख्खा गुंठा फुकट मिळाला. एकरी चाळीस टन ऊस धरला तर गुंठ्याला टन. हा टन दर वर्षी कारखान्याला त्याच्या नावावर जातो, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र मात्र आमचं तेवढंच राहतं. सोसायटीचं कर्ज त्या क्षेत्रावर, शेतसारा त्या क्षेत्रावर, पीक त्याचं.

कोरणारा भावकीतलाच आहे. आम्ही त्याला तात्या म्हणतो, आणि अजूनही तात्याच म्हणतो, कारण घरचं वळण तसं आहे. वडील त्याला बांधावर बोलायला गेले तर म्हणाला, "दादा, तुमचा बांध हितंच हुता. तुमाला इसार पडलाय." सत्तरीतल्या माणसाला, ज्यानं तो बांध स्वतःच्या हातानं घातलाय त्याला, विसर पडलाय. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

गावातलं गावात मिटावं म्हणून आधी तंटामुक्त समितीकडं गेलो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील, आमचे आबा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, म्हणजे याच जिल्ह्याच्या मातीतला माणूस. त्यांना ठाऊक होतं की गावातल्या खुनाच्या मुळाशी बऱ्याचदा हातभर बांध असतो. तो मिटवायला पोलिस आणि कोर्ट यांच्या आधी गाव उभं करायचं, हा विचार मला आजही पटतो. म्हणूनच आज त्याचं जे झालंय ते बघून जास्त चीड येते. आमच्या समितीची बैठक म्हणजे ग्रामपंचायतीत खुर्च्या टाकून चहा. अध्यक्ष ज्या पार्टीचा, तात्या त्याच पार्टीचा. सगळ्यांनी एकच वाक्य वडिलांना सांगितलं, "दादा, तुम्ही मोठं हाय, जरा सोसून घ्या." ज्याची जमीन गेली त्यानंच सोसायचं? कोरणाऱ्याला एकानंही विचारलं नाही की बाबा, तू हे का केलंस.

शेवटी एक तडजोडनामा लिहिला गेला. दोन पावलं मागं सरायचं तात्यानं कबूल केलं, सह्या झाल्या, फोटो काढला. पुढच्या नांगरटीला ती दोन पावलं परत गेली. तो कागद घेऊन समितीकडं गेलो तर म्हणाले, "याला कायद्यानं काही किंमत नाही." मग सह्या घेताना का नाही सांगितलं? अशी तडजोड लोकअदालतीत नेली, कोर्टात दावा नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून ठेवली, आणि तिथं निवाडा झाला, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का होतो. त्यावर अपीलही नाही. तालुक्याला विधी सेवा समिती असते. समितीतल्या एकानं जरी एवढं सांगितलं असतं तरी त्या सह्यांना काही अर्थ राहिला असता.

पोलिसांकडं गेलो तेव्हा तात्यानं आईच्या अंगावर खोरं उगारलं होतं. त्याची अदखलपात्र नोंद झाली. हवालदारानं दोन्ही बाजूंना समजपत्र दिलं, आम्हालासुद्धा, आणि त्यात लिहिलं की वाद दिवाणी स्वरूपाचा असल्यानं योग्य त्या न्यायालयात दाद मागावी. खोरं उगारणं दिवाणी कसं होतं? बांधाचा वाद आहे एवढं कळलं की बाकी सगळं त्या एका शिक्क्याखाली झाकून टाकायचं. गावात नवरा गेलेल्या, पोरं मुंबई-पुण्याला असलेल्या बाया आहेत. पहिला बांध कोरला जातो तो त्यांचा. त्या पोलिसांत जायची हिंमत करतात तेव्हा त्यांच्या हातात हाच कागद पडतो आणि कोरणारा दुसऱ्या दिवशी बांधावर उभा राहून हसतो. मी स्वतः पाहिलंय हे.

आता तहसीलचं ऐका, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथं झाला. मामलेदार न्यायालय अधिनियम नावाचा कायदा आहे, 1906 सालचा. इंग्रजांच्या काळातला, पण आजही चालू. त्याच्या कलम 5 खाली शेतीचा कब्जा बेकायदा हिरावला, वाटेत अडथळा घातला, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर तहसीलदार स्वतः ऐकून कब्जा परत देऊ शकतो, अडथळा काढायला लावू शकतो, मनाई करू शकतो. वकिलाची मोठी फी नको, जिल्ह्याला जायला नको. शेतकऱ्यासाठी याहून जवळचं न्यायालय नाही. पण त्याला अट आहे: घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला पाहिजे. सहा महिने! आणि आमचे सहा महिने कुठं गेले? तलाठ्यानं सर्कलकडं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याकडं, पाठवलं. सर्कल म्हणाले, पंचनामा करतो, पण आधी मोजणी आणा. तहसीलच्या कारकुनानं साधा अर्ज घेतला, पोच द्यायला का-कू केली आणि तो "चौकशीसाठी" परत त्याच तलाठ्याकडं खाली पाठवला. त्या सगळ्या काळात एकाच्याही तोंडून 1906 हा आकडा निघाला नाही. मुदत संपल्यावर मात्र त्याच कार्यालयातल्या एकानं शांतपणे सांगितलं, "तुम्ही मामलेदार कोर्टात यायला पाहिजे होतं. आता उशीर झाला." हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. दिवाणी कोर्टातसुद्धा नुसत्या कब्ज्यावर, मालकी न तपासता, जमीन परत मागायचा दावा स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली करता येतो, आणि त्यालाही मुदत सहाच महिने. म्हणजे लवकर न्याय मिळायची दोन्ही दारं त्या टोलवाटोलवीत बंद झाली.

राहिली मोजणी. भूमी अभिलेखकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, फी भरली. नियमितची वाट बघवत नसेल तर द्रुतगतीचे जास्तीचे पैसे. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस लागते, तशी ती लागलीच पाहिजे. पण आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी उत्तर प्रदेशात सोनं-चांदी गाळतंय. सामाईक सातबाऱ्यावर त्यांची नावं, त्यांच्या मेलेल्या वडिलांची नावं. नोटीस पोचली नाही म्हणून एक तारीख गेली. मग तात्यानं आडसाली ऊस लावला. उभ्या उसात मोजणी होत नाही आणि तो ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. त्यानं हे मुद्दाम केलं, गावात बोलून दाखवलं. शेवटी भूकरमापक रोव्हर घेऊन आले, आकाशातल्या उपग्रहावरून बिंदू धरले, खुणा दाखवल्या, दगड रोवले. हद्द आमच्या म्हणण्याप्रमाणं निघाली. वडिलांच्या डोळ्यात पाणी आलं. भूकरमापक गाडीत बसताना म्हणाले, "आम्ही हद्द दाखवतो. कब्जा देणं आमच्या अधिकारात नाही." आठ दिवसांत दगड उपटलेले होते. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आमच्या कपाटात आणि जमीन तात्याच्या नांगराखाली. वर त्यानं निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा अर्ज टाकला, म्हणजे आणखी थांबा.

आणि सगळे ज्या दिवाणी कोर्टाकडं बोट दाखवत होते तिथं काय होतं? अतिक्रमणाचा दावा लावला की कोर्ट हद्द कशी ठरवणार? कोर्ट कमिशनर नेमतं. तो कमिशनर बहुतेक वेळा कोण? त्याच तालुक्याचं मोजणी कार्यालय. म्हणजे वकील, स्टॅम्प, तारखा, म्हणणं, मुद्दे हे सगळं झाल्यावर फिरून परत त्याच माणसांकडं, त्याच नकाशासाठी, नव्या फीसह. वर तात्याच्या वकिलानं लेखी म्हणण्यात प्रतिकूल कब्ज्याचा मुद्दा घेतलाय, बारा वर्षांहून जास्त काळ तात्याच कसतोय म्हणून जमीन त्याचीच. तो खोटा आहे, आम्ही तो खोडून काढू. पण विचार करा, कोरणाऱ्याला हा मुद्दा घ्यायचं धाडस कुठून येतं? प्रत्येक "नंतर या"मधून येतं. कार्यालयातली प्रत्येक दिरंगाई त्याच्या खात्यावर जमा होते. तटस्थ कुणीच राहिलेलं नाही. जो काहीच करत नाही तो कोरणाऱ्याच्या बाजूनं काम करतोय.

परवा एका लग्नात एक निवृत्त सर्कल भेटले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हद्दीच्या वादाचा अर्ज कलेक्टरकडं का नाही केला?" महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्यात आहे: सर्व्हे नंबर किंवा पोटहिश्श्याच्या हद्दीचा वाद झाला तर तो कलेक्टरनं अभिलेख बघून, चौकशी करून ठरवायचा. कलम 138: अशी हद्द एकदा ठरली की पलीकडच्याच्या जमिनीत चुकीनं बसलेल्याला कलेक्टर थेट, संक्षिप्त पद्धतीनं बाहेर काढू शकतो. थेट! म्हणजे महसूल खात्याकडं कब्जा सोडवायचा अधिकार आहे. हद्दीच्या खुणा उखडणाऱ्याला दंड करायची तरतूदही त्याच संहितेत आहे. आम्ही उपटलेल्या दगडांचे फोटो घेऊन गेलो होतो तेव्हा आम्हाला काय सांगितलं? "पुन्हा मोजणी भरा."

ज्या कायद्याचं पुस्तक त्यांच्या पाठीमागच्या कपाटात आहे तो कायदा शेतकऱ्याला लग्नाच्या पंगतीत कळावा, याची लाज कुणाला वाटते का? हे अज्ञान असेल तर त्यांना शिकवा. आणि ठाऊक असून सांगत नसतील तर तो गुन्हा समजा. जाणीवपूर्वक असतो तो, कारण दुसरीकडं मी बघितलंय की ओळखीच्या माणसाची वाट अडली तर तहसीलदार स्वतः जेसीबी घेऊन जागेवर जातात.

आणि सरकारला मनात आलं तर करता येतं, हेही खोटं नाही. 2023 च्या जानेवारीत सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं चालत आलं असेल तर एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी भरून अदलाबदल करून टाका. चांगली योजना आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवरचं एक जुनं भांडण तिच्यानं मिटलं. पण तिला दोघं राजी लागतात. जो दांडगाई करून बसलाय त्याला राजी कोण करणार?

याच मुलखात, जुन्या सातारा जिल्ह्यात, 1943 ते 46 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. कुंडलपासून वाळव्यापर्यंत गावोगाव न्यायदान मंडळं बसत होती, जमिनीचे वाद चावडीवर ऐकले जात होते आणि निकाल पाळला जात होता. तेव्हा ना रोव्हर होता ना ऑनलाइन सातबारा. माझी आजी सांगायची, तिच्या माहेरचा वाटणीचा तंटा असाच मिटला. ब्रिटिश मागं लागलेले असताना भूमिगत माणसांना जे जमलं ते पगार, इमारत आणि संगणक असलेल्यांना का जमू नये?

मला कुणाकडून सहानुभूती नको, आणि "मिटवून घ्या" तर अजिबात नको. तलाठी कार्यालयात, तहसीलच्या दारात आणि पोलिस ठाण्यात मोठ्या अक्षरात फलक लावा: कब्जा गेला किंवा वाट अडली तर मामलेदार न्यायालय, कलम 5, मुदत सहा महिने. हद्दीचा वाद असेल तर जमीन महसूल संहितेखाली कलेक्टरकडं अर्ज, आणि हद्द ठरल्यावर कब्ज्यासाठी कलम 138. तडजोड झाली तर ती लोकअदालतीत न्या. अर्ज कोणत्याही नावानं आला तरी तो कुठल्या कलमात बसतो ते बघणं हे कारकुनाचं काम आहे, शेतकऱ्याचं नाही. आणि अर्ज हातात घेतला की त्याच क्षणी तारीख-शिक्क्यासह पोच द्या, म्हणजे पुढं मुदतीचा प्रश्न आला तर ती कुणी खाल्ली हे कागदावर दिसेल.

आमचा हद्दीच्या वादाचा अर्ज या सोमवारी आम्ही जिल्ह्याला देतोय. या वेळी पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाही.