सव्वा गुंठा आणि शहापूरचे शिवार

इंग्लंडच्या मध्यभागातील ज्या शहरात मी गेली अकरा वर्षे राहतो, तेथील महापालिकेने भाजी पिकवण्यासाठी मला सव्वा गुंठा जमीन वार्षिक भाड्याने दिली आहे. अशा जमिनीला येथे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. बेळगावात या शब्दाचा अर्थ बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून) मिळालेली घराची जागा असा होत असल्याने, मी फोनवर बातमी सांगताच मावशीने वास्तुशांत कधी, असे विचारले होते. पूर्ण तुकडा सुमारे 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. मला त्यातला अर्धा मिळाला, आणि तोही यादीत चार वर्षे थांबल्यावर. मे महिन्यात पेरलेली मेथी चांगली येते, वालाचे वेल मात्र थंडीपुढे काठीच्या निम्म्यावरच थबकतात. गेल्या वर्षी सहा आठवडे गावी राहून परतलो, तेव्हा वाफ्यांत गुडघाभर तण माजले होते आणि घरी नोटीस येऊन पडली होती : महिन्याभरात जमीन कसा, नाहीतर ती पुढच्या माणसाला देण्यात येईल. मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण पुढचा माणूस म्हणून चार वर्षे मीच थांबलो होतो.

बेळगावच्या नव्या वसाहतींतही अशा सामुदायिक परसबागा असाव्यात, असे आमच्या मित्रमंडळींत अलीकडे वारंवार बोलले जाते. माझाही त्याला पाठिंबा आहे. परंतु इंग्लंडचे उदाहरण देताना त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो, म्हणून हा लेख.

या तुकड्यांचा उगम हौसेत नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील गावोगावची सामाईक कुरणे कायद्याने कुंपणात गेली आणि आपल्याकडील गायरानांवर जगावे तसे त्या कुरणांवर जगणारे मजूर उघड्यावर पडले. 1845 च्या कायद्याने भूमिहीनांसाठी थोडी जमीन बाजूला ठेवण्याची तरतूद केली, पण प्रत्यक्षात जी ठेवली गेली ती गेलेल्या जमिनीच्या मानाने नगण्य होती. 1908 च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे तुकडे पुरवणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर तिचा विचार करणे त्यांना भाग असते. पुढे 1925 मध्ये, या कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीवाचून विकता येणार नाही, असेही ठरले. यादी लांबते, जमीन कमी पडते, हे सगळे खरे. तरी आज माझ्या सव्वा गुंठ्यावर कुणाला इमारत बांधायची असेल, तर आधी आमची पर्यायी सोय दाखवावी लागेल किंवा तिची गरजच नाही हे पटवावे लागेल.

हे मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगितले. त्यांचे शेत बेळगावच्या शहापूर शिवारात, हलगा-मच्छे बायपासच्या पट्ट्यात आहे. वडगाव, अनगोळ, येळ्ळूरपर्यंतची ही काळी जमीन बासमतीसाठी नावाजलेली, आणि ती बायपासखाली जाऊ नये म्हणून शेतकरी अनेक वर्षे कोर्टात व रस्त्यावर झगडत आले आहेत. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुझी ती जागा मालकीची, की भाड्याची?”

“भाड्याची, काका.”

“मग ती जात नाही बघ. आमची मालकीची आहे.”

म्हणूनच वसाहतीतील चार वाफे हा सुपीक शिवार गमावल्याचा मोबदला म्हणून पुढे केला जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. इंग्लंडने आधी जमीन घालवली आणि मग तुकडे वाटले. आपल्याकडे शिवाराचा बराच भाग अजून पिकता आहे, तेव्हा तोच क्रम गिरवण्याचे कारण नाही. बेळगावभोवतीच्या रिंगरोडचा मार्ग ठरवताना पिकाऊ जमिनीचा विचार आधी व्हावा. परसबागांची मागणी स्वतंत्रपणे करावी, आणि ती भाजी पिकवण्याला जागा नसलेल्या शहरवासीयांसाठी करावी.

तशी मागणी करायला जागा आहे. ले-आऊट मंजूर होताना उद्यान आणि नागरी सुविधांसाठी जमीन राखावी लागते. अशा उद्यानांच्या संरक्षणासाठी कर्नाटकाचा 1985 चा स्वतंत्र कायदाही आहे. मात्र उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लॉन, सिमेंटचे बाक आणि फिरण्याची फरसबंद वाट उभी राहते. आमच्या वसाहतीतले उद्यान तसेच आहे : एप्रिलमध्ये घरोघर नळाच्या पाण्याची वाट पाहिली जात असताना तेथील हिरवळीवर टँकर रिकामा होतो. त्याऐवजी सुविधांच्या जागांपैकी एखादी भाजीपाल्यासाठी असे आराखड्यातच नमूद झाले, तर पुढची अर्धी वादावादी टळेल. 1961 च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. परंतु त्या मुदतीत आपल्यातले किती जण नकाशा उघडून पाहतात?

पाण्याचा प्रश्न खरा आहे, कारण राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पिण्याचे पाणी दोडक्याला घालणे मलाही पटणार नाही. पण बेळगाव हे विहिरींचे गाव आहे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर सर्वांना ठाऊक आहे. तशा सार्वजनिक आणि परसातल्या कितीतरी विहिरी शहरात आहेत, आणि नवी परसबाग अशाच एखाद्या विहिरीजवळ आखणे शहाणपणाचे ठरेल.

सहाचा आकडा आपल्या कायद्यात नाही, तरी तोच मनात धरून आईने आमच्या गल्लीत अर्जासाठी सह्या गोळा करायला घेतल्या आहेत. चार झाल्या. पाचव्या घरच्या काकू म्हणतात, आधी मोकाट गुरांसाठी कुंपण कोण घालणार ते लिहून आणा. सहाव्या घरच्या मास्तरांची सहीला ना नाही, फक्त अर्ज मराठीतही असला पाहिजे, ही त्यांची अट आहे. त्यामुळे आता तो दोन्ही भाषांत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि कन्नड मजकूर तपासायला आई शेजारच्या अक्कांकडे जाणार आहे.